लॉनवाल्याची सवलत नेमकी कशाची?

गवत कापण्याच्या दरावर व्याख्यान कसलं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण न्यू जर्सीत घर घेतलं की पहिल्याच एप्रिलमध्ये कळतं, अंगण आपलं असलं तरी ते कसं दिसावं हे आपल्या एकट्याच्या हातात नाही. गवत ठरावीक उंचीच्या वर गेलं की अनेक गावांत नोटीस येते. ही शिस्त जुनी आहे. १९४७ पासून लाँग आयलंडवर लेव्हिटाउन ही वसाहत उभी राहिली, तिथे घराच्या करारातच हंगामात दर आठवड्याला गवत कापायची अट होती. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या हिरवळीचं क्षेत्र अंदाजे १ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर धरलं आहे. अर्ध्या महाराष्ट्राहून जास्त जमिनीवर असं पीक, जे माणूस खात नाही आणि गुरंही खात नाहीत. असो.

आम्ही म्हणजे एका रस्त्यावरची लागोपाठची आठ घरं. तीन मराठी, बाकी गुजराती, तेलुगू, आणि टोकाला एक इटालियन आजी. प्रत्येकाचा लॉनवाला वेगळा, दर साधारण ४५ डॉलर. एका वर्षी आम्ही ठरवलं की एकत्र जाऊन भाव करायचा. आठ गिऱ्हाइकं एकदम मिळतायत म्हटल्यावर एक कंत्राटदार तयार झाला आणि आम्ही त्याला घासून घासून २८ वर आणलं. मंडईत कोथिंबीर मागताना होतो तेवढा आनंद झाला आम्हाला. जुलैमध्ये त्याचा निरोप आला, की पुढच्या आठवड्यापासून येणार नाही.

चूक कुठे झाली, ते समजायला थोडा हिशेब मांडू. आकडे ढोबळ आहेत. एका अंगणाचं गवत कापायला २० मिनिटं लागतात. पण त्याआधी ट्रक चालवत यायचं, ट्रेलरसाठी जागा शोधायची, फळी टाकून मोवर उतरवायचा, नंतर परत चढवायचा, यात १५ मिनिटं जातात. म्हणजे ४५ डॉलर हे ३५ मिनिटांचे झाले. आठ विखुरलेली घरं असतील तर २८० मिनिटं. तीच आठ घरं ओळीने, एकाच वेळी केली तर उतरवणं-चढवणं एकदाच, म्हणजे १६० अधिक १५, एकूण १७५ मिनिटं. घरामागे २२ मिनिटं, आणि त्या हिशेबाने दर येतो २८ डॉलर.

म्हणजे आमचा २८ चा आकडा कागदावर बरोबरच होता! फक्त आठही घरं एकाच फेरीत व्हायला हवी होती. आम्ही काय केलं? एकाने सांगितलं शनिवार नको, पाहुणे असतात. दुसऱ्याची सोमवार-मंगळवारी घरून मीटिंग, मोवरचा आवाज नको. एका घरी बाळ दुपारी झोपतं. तो बिचारा आठवड्यातून तीनदा आमच्या रस्त्यावर ट्रेलर घेऊन यायचा. वाचणारा वेळ पूर्ण वाचला नाही, सवलत मात्र आम्ही पूर्ण घेतली. ती कुठून आली? या धंद्यात हंगामापुरते एच-२बी व्हिसावर आलेले कामगार पुष्कळ असतात. आमच्याकडे तिघं यायचे, जूनमध्ये दोघंच येऊ लागले. उन्हात दोघं तेच काम घाईने उरकायचे. पात्यांना धार नसायची, गवताची टोकं फाटून पिवळी पडायची, आणि आम्ही वर तक्रार करायचो. आजी त्यांना पाणी द्यायच्या. दोघंच का येतात, हे आमच्यापैकी फक्त त्यांनीच विचारलं.

तर मुद्दा असा, की आठ डोकी जमली म्हणून सवलत मिळत नाही. आपण आपल्या सोयीचा वार सोडतो, त्याची ती किंमत असते. आपल्याकडे दूधवाला एका जिन्यातल्या सगळ्या दारांना एकाच चढणीत दूध घालतो, तसंच हे. प्रत्येकाने वेगळी वेळ सांगितली तर जिना त्यालाच पुन्हा चढावा लागतो.

पुढच्या वर्षी दुसऱ्या कंत्राटदाराशी बोलताना आधी आम्ही आपापसात बसलो. बुधवार ठरला, पाऊस पडला तर गुरुवार. थेट पुढचा आठवडा चालत नाही, कारण एका कापणीत पात्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग कापू नये असं मानतात, आणि मे महिन्यात पंधरा दिवसांत गवत फार वाढतं. फाटकं उघडी, कुत्रा आत, मुलांची खेळणी उचललेली, पैसे एकाच घरातून. याच्या बदल्यात ३६ डॉलर मागितले. वाचलेल्या वेळातला साधारण अर्धा त्याचा, अर्धा आमचा. तो लगेच हो म्हणाला. विम्याचे कागद मात्र आम्ही आधी पाहिले. हंगामात २५ कापण्या धरल्या तर घरामागे २२५ डॉलर वाचतात, फार मोठी रक्कम नाही. उन्हाळ्यात गवत वाढायचं थांबतं तेव्हा पंधरा दिवसांनी यायचं, हेही लिहून घेतलं. नाहीतर कापणीमागे पैसे मिळणारा माणूस सुकलेल्या गवतावरही मोवर फिरवतो.

खरी वादावादी दराची नाही, वाटणीची झाली. कोपऱ्यावरच्या घराचं अंगण दुप्पट, आजींचं जेमतेम अर्धं. ‘सगळ्यांना सारखं’ हे ऐकायला छान वाटतं, पण त्यात आजी कोपऱ्यावरच्या घराचं गवत कापून देत होत्या. शेवटी कापायला लागणाऱ्या मिनिटांवर वाटणी केली. कोपऱ्यावरचे काका महिनाभर रुसले होते.

खताचं मात्र एकत्र ठरवू नका. न्यू जर्सीत २०११ च्या कायद्याने माती तपासल्याशिवाय लॉनला फॉस्फरस घालता येत नाही, अपवाद नवं गवत लावण्याचा. घरमालकाला १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत टाकायलाच बंदी आहे, आणि व्यावसायिकाकडे प्रमाणपत्र लागतं. शेजारशेजारच्या दोन अंगणांची माती वेगळी निघू शकते. आठ घरांना एकच पॅकेज घेतलं, तर काहींनी नको असलेलं खत विकत घेतलं असं होतं, आणि ते पावसाबरोबर ओढ्यात जातं.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, की हेच गणित बर्फ काढायला लावता येईल का. आम्ही लावून पाहिलं, जमलं नाही. गवत बुधवारऐवजी गुरुवारी कापलं तरी चालतं. बर्फ पडला की आठही घरांना सकाळी सातच्या आत गाडी बाहेर काढायची असते, आपली वेळ सोडायला कोणीच तयार नसतं, आणि आठव्या घराचा नंबर लागेपर्यंत दहा वाजतात. त्यामुळे बर्फाचं ज्याचं तो बघतो. आजींच्या दारासमोरचा तेवढा आम्ही आळीपाळीने काढतो.