तिऱ्हाइताची राखण

शेताच्या वाटणीवरून दोन भावांचे वैर माजले आणि उभे पीक कोणी कापावे यावरून काठ्या निघू लागल्या, म्हणजे गावातील जाणती माणसे निकाल लागेपर्यंत ते पीक एखाद्या तिऱ्हाइताच्या राखणीत देतात. ह्या राखणदाराचे काम मोठे चमत्कारिक असते. शेत त्याचे नव्हे, पीक त्याचे नव्हे आणि भांडणही त्याचे नव्हे. तथापि रात्रंदिवस जागावयाचे त्याने, आणि दोन्ही भावांचे बोल ऐकावयाचे तेही त्यानेच. एका भावास त्याने एक कणीस जरी चोरून दिले, तरी त्याच्यावरील विश्वास संपला. राष्ट्राराष्ट्रांच्या भांडणांतही असे राखणदार लागतात, हे आमच्या विद्यार्थिवाचकांस वर्तमानपत्रातील ‘शांतिसेना’ ह्या शब्दावरून ठाऊक असेलच. परंतु ते काम प्रत्यक्षात कसे चालते, ह्याची माहिती पुष्कळांस नसते. म्हणून एका महाराष्ट्रीय सेनानीच्या हाताखाली भारतीय सैन्याने १९५३-५४ साली कोरियात जी राखण केली, तिची हकीकत आम्ही येथे देत आहो. ती राखण पिकाची नव्हती. बावीस हजारांहून अधिक जिवंत माणसांची होती.

कोरिया हे चीन व जपान ह्यांच्यामधील द्वीपकल्प. १९१० पासून ते जपानच्या अमलाखाली होते. १९४५ च्या ऑगस्ट महिन्यात जपान शरण आला, तेव्हा तेथील जपानी सैन्याची शस्त्रे उत्तरेत रशियाने व दक्षिणेत अमेरिकेने उतरवून घ्यावी असे ठरले, आणि त्या सोयीसाठी नकाशावरील ३८ व्या अक्षांशाची रेषा हद्द म्हणून धरण्यात आली. ती रेषा आखताना नदी, डोंगर, गाव अथवा नातेगोते ह्यांपैकी कशाचाही विचार झाला नव्हता. तिचा अर्थ मनात ठसावा, म्हणून विद्यार्थ्यांनी आपल्या खानदेशाचा नकाशा पुढे घ्यावा. उत्तर अक्षांश २१ ची रेषा जळगाव शहरावरूनच जाते. उद्या कोणी तिलाच सरहद्द ठरविले, तर चोपडा, यावल, अमळनेर व शिरपूर एका राज्यात जातील आणि धुळे, पारोळा, पाचोरा व चाळीसगाव दुसऱ्या राज्यात. अमळनेरास दिलेल्या लेकीचे पारोळ्याचे माहेर परमुलुखात जाईल, आणि जळगावात तर शेजाऱ्याच्या घरी जावयास परवाना लागेल. कोरियात हेच घडले. १९४८ साली रेषेच्या दोन्ही अंगांस दोन निरनिराळी सरकारे स्थापन झाली व प्रत्येक सरकार सबंध देशावर हक्क सांगू लागले. २५ जून १९५० रोजी उत्तरेच्या सैन्याने रेषा ओलांडली आणि एकाच भाषेची, एकाच रक्ताची माणसे एकमेकांवर तुटून पडली. पुढे दक्षिणेच्या साहाय्यास अमेरिकेच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रांची फौज आली, व उत्तरेच्या साहाय्यास चीनचे सैन्य उतरले.

भारताने ह्या युद्धात लढणारी पलटण पाठविली नाही. जखमींची शुश्रूषा करण्यासाठी मात्र लेफ्टनंट कर्नल रंगराज ह्यांच्या हाताखालील ‘६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स’ हे वैद्यकीय पथक १९५० च्या नोव्हेंबरात तेथे गेले. लढावयास न जाता शुश्रूषेस गेलेल्या ह्या देशास पुढे तिऱ्हाईत म्हणून बोलता आले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१९५१ च्या जुलैत तहाची बोलणी सुरू झाली. ती दोन वर्षे चालली. ह्या दिरंगाईचे मोठे कारण युद्धकैदी होते. युद्ध संपताच कैद्यांस विनाविलंब मायदेशी धाडावे, असा नियम १९४९ च्या जिनिव्हा करारात आहे, व तो दयाबुद्धीनेच घातलेला आहे. परंतु ज्या कैद्यास परत जावयाचेच नाही, त्याचे काय करावे? संयुक्त राष्ट्रांच्या हाती लागलेल्या चिनी कैद्यांत पुष्कळ जण पूर्वी चँग कै शेक ह्यांच्या सैन्यात होते. कोरियन कैद्यांत मूळचे दक्षिणेतील, परंतु उत्तरेच्या फौजेत बळेच भरती केलेलेही होते. उत्तरेचा पक्ष म्हणे, सर्वांस परत द्या; दुसरा पक्ष म्हणे, नाही म्हणणाऱ्यास बांधून देणार नाही. ह्या एका प्रश्नावर बोलणी अडून राहिली, आणि ती अडली तोवर रणांगणावर माणसे मरतच होती.

ह्यातून वाट काढण्यासाठी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव मांडला व तो ३ डिसेंबर १९५२ रोजी मान्य झाला. त्याच धर्तीवर १९५३ च्या जूनमध्ये करार झाला. ज्यांस मायदेशी जावयाचे आहे, त्यांची अदलाबदल तत्काळ करावी. उरलेल्यांस तटस्थ राष्ट्रांच्या मंडळाकडे सोपवावे. त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी नव्वद दिवसांत त्यांस समजावून सांगावे. आणि शेवटी ज्याने त्याने आपला निर्णय आपण करावा, असे ठरले. मंडळात स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया व भारत अशी पाच राष्ट्रे होती. अध्यक्षपद भारताकडे, व ते जनरल थिमय्या ह्यांनी भूषविले. पहिल्या चारांत बहुधा दोन मते एका बाजूस व दोन दुसऱ्या बाजूस पडत, त्यामुळे निकालाचा सगळा भार भारतावर येई. कैद्यांच्या पहाऱ्याचे काम एकट्या भारतानेच करावयाचे होते. त्यासाठी सुमारे सहा हजारांचे दल गेले. त्याचे नाव ‘कस्टोडियन फोर्स, इंडिया’, म्हणजे सरळ मराठीत राखणदार दल; आणि त्याचे सेनापती होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

थोरात हे कोल्हापूरकडील. जन्म १९०६ चा. लष्करी शिक्षण इंग्लंडातील सँडहर्स्ट येथे झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आराकान भागातील कांगाव येथे १९४५ साली त्यांनी मोठे शौर्य गाजविले होते. असा लढवय्या पुरुष आता अशा कामगिरीवर निघाला होता, की जीत बंदूक न उडविणे हेच यश मानावयाचे होते.

अडचणींस आरंभ पहिल्याच पावलापासून झाला. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री ह्यांस हा करार मुळीच मान्य नव्हता. १८ जून १९५३ रोजी त्यांनी आपल्या पहाऱ्यातील हजारो कैदी परस्पर सोडून दिले, व भारतीय शिपायास आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देणार नाही असे जाहीर केले. २७ जुलैस युद्धविराम झाला. दोन्ही सैन्यांच्या मध्ये ४ किलोमीटर रुंदीचा निःशस्त्र पट्टा आखण्यात आला. आणि भारतीय सैनिकांस समुद्रातील जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट त्या पट्ट्यात उतरविण्यात आले. त्यांनी तेथे तंबू ठोकून जी छावणी वसविली, तिला ‘हिंद नगर’ असे नाव दिले. कोरियाचा हिवाळा हाडे गोठविणारा. वैशाखात अंग भाजून घेणाऱ्या आपल्या खानदेशच्या माणसास त्याची कल्पना येणे कठीण.

परत जाऊ इच्छिणाऱ्यांची अदलाबदल सप्टेंबरच्या आरंभापर्यंत आटोपली. सुमारे ७५ हजार कैदी उत्तरेकडे व सुमारे १२ हजार ७०० दक्षिणेकडे गेले. मागे राहिले ते भारतीयांच्या हवाली झाले: संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडून २२,६०४, त्यांत १४,७०४ चिनी व ७,९०० कोरियन, आणि उत्तरेकडून ३५९, त्यांत २३ अमेरिकन व १ इंग्रज.

राखणदार आले म्हणून कैद्यांस आनंद झाला असेल असे वाटेल, पण घडले उलटेच. हे लोक आपणांस पकडून साम्यवाद्यांच्या हाती देणार, असा दक्षिणेकडून आलेल्या कैद्यांचा समज करून देण्यात आला होता. त्यामुळे शिव्या व दगड ह्यांनी भारतीयांचे स्वागत झाले. सप्टेंबरअखेर एका आवारातील कैद्यांनी मेजर ग्रेवाल ह्यांस आत पकडून ठेविले. बाहेर सशस्त्र सैनिक सज्ज होते. हुकूम सुटता तर अधिकारी कदाचित सुटला असता, परंतु शेकडो प्रेते पडली असती. थोरात निःशस्त्र स्थितीत त्या जमावात गेले. आपण इतका वेळ येथे उभे आहो, परंतु कोणी चहा विचारला नाही की सिगारेट पुढे केली नाही. चिनी लोकांच्या आतिथ्याविषयी आपण काही निराळेच ऐकले होते, असे ते कैद्यांस म्हणाले, अशी हकीकत सांगतात. जमावात हशा पिकला, चहा-सिगारेट आली, राग निवळला, आणि मेजर ग्रेवाल सेनापतीबरोबर सुखरूप बाहेर आले.

प्रत्येक वेळी असे गोड झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबरच्या आरंभी कुंपण तोडू पाहणाऱ्या कैद्यांवर पहाऱ्यास गोळी झाडावी लागली व त्यांत मृत्यू घडले. आवारांच्या आत कैद्यांच्याच टोळीनायकांचा धाक असे. परत जाण्याची इच्छा उघड बोलणाऱ्याच्या जिवास त्यामुळे धोका होता. कुंपणाबाहेरचा राखणदार आतील प्रत्येक मनातील भीती काढून टाकू शकत नाही.

समजावणीचे काम १५ ऑक्टोबरला सुरू झाले. कैद्यास तंबूत आणीत. समोर त्याच्या देशाचे प्रतिनिधी, बाजूस तटस्थ मंडळाची माणसे. बोलणे संपले की तंबूस दोन दारे: एक मायदेशी जाण्याचे, दुसरे परत आवारात जाण्याचे. कोणत्या दाराने जावयाचे, हे त्याचे त्याने ठरवावयाचे. योजना चांगली, परंतु कधी कैदी तंबूत येण्याचेच नाकारीत, कधी समजावणारे अडून बसत. नव्वद दिवसांपैकी प्रत्यक्ष काम झाले ते अवघे दहा दिवस. बळजबरीने कैद्यांस तंबूत ओढावे, असा उत्तरेचा आग्रह होता. थिमय्या व थोरात ह्यांनी तो मानला नाही. मुदत संपताच सर्वांस मोकळे नागरिक म्हणून जाहीर करावे, असा दुसऱ्या बाजूचा आग्रह होता. तोही त्यांनी मानला नाही. ज्यांनी कैदी स्वाधीन केले, त्यांच्याच हाती १९५४ च्या जानेवारीत ते परत देण्यात आले.

हिशेब असा झाला. २२,६०४ पैकी ६२८ मायदेशी गेले. २१,८३९ जाण्यास तयार झाले नाहीत. ३८ मृत्यू पावले. १३ निसटले अथवा बेपत्ता झाले. आणि ८६ जणांनी दोन्ही पक्ष नाकारून तिसराच देश मागितला. उत्तरेकडच्या ३५९ पैकी १० परतले, ३४७ उत्तरेकडेच राहिले, व २ तिसऱ्या देशासाठी निघाले. असे हे ८८ जण फेब्रुवारीत राखणदार दलाबरोबर भारतात आले. त्यांपैकी बहुतेक पुढे दक्षिण अमेरिकेत गेले, काही भारतातच स्थायिक झाले. ज्या प्रश्नापायी लढाई लांबली होती, तो अशा रीतीने संपला. कोणाचेही पूर्ण समाधान झाले नाही, आणि भारतावर दोषारोप तर दोन्हीकडून झाले. आमच्या मते हाच राखणदाराच्या निःपक्षपातीपणाचा दाखला होय. कारण एकाच बाजूने शिव्या दिल्या असत्या, तर तोल गेला होता असे म्हणावे लागते.

हे दल युद्धविरामाच्या करारानुसार गेले होते. संयुक्त राष्ट्रांची स्वतःची पहिली सशस्त्र शांतिसेना पुढे १९५६ साली इजिप्तमध्ये उभी राहिली व तीतही भारतीय सैनिक होते. उभय पक्षांची संमती, निःपक्षपात, आणि स्वसंरक्षण व सोपविलेल्या कार्याचे रक्षण ह्यांवाचून बळाचा वापर न करणे, ही शांतिसेनेची तीन तत्त्वे आज मानली जातात. त्या तिहींची कसोटी हिंद नगरात आधीच लागली होती. जनरल थिमय्या पुढे सायप्रसमधील शांतिसेनेचे सेनापती असताना तेथेच १९६५ च्या डिसेंबरात वारले. मराठा लाइट इन्फंट्रीत वाढलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार ह्यांनी १९९२-९३ मध्ये फुटत चाललेल्या युगोस्लाव्हियातील शांतिसेनेचे नेतृत्व केले. दक्षिण सुदानात यादवी पेटली, तेव्हा १९ डिसेंबर २०१३ रोजी अकोबो येथे आश्रयास आलेल्या नागरिकांचे रक्षण करताना दोन भारतीय सैनिकांनी प्राण दिले.

राखणदाराने भांडण मिटत नाही, हे कबूल करावे लागते. कोरियात आजही कायमचा शांततेचा तह झालेला नाही. तो ४ किलोमीटरांचा पट्टा अद्याप देश दुभागून आहे. मिटविण्याचे काम भावांचे आहे, आणि ते त्यांच्याखेरीज कोणासच करता येत नाही. तोवर कोणाच्या गळ्यास दोर लावून त्यास नको त्या दाराने ओढले जाऊ नये, एवढेच तिऱ्हाईत पाहू शकतो. एवढे पाहणेही किती कठीण असते, हे वर्गातील भांडणात ज्यास मध्ये पडावे लागले आहे, त्या विद्यार्थ्यास आम्ही सांगावयास नको. मित्राची बाजू न घेता उभे राहावे लागते, रागावलेल्यापुढे आवाज चढवून चालत नाही, आणि शेवटी दोघेही आपल्यावर रुसतात. अशा वेळी थोरातांनी त्या आवारात मागितलेल्या चहाची आठवण ज्यास होईल, त्याने हा लेख वाचल्याचे सार्थक केले असे आम्ही समजू.