वाटणी झालेली मेमरी
लेखांक ९

मागच्या लेखांकात एका यंत्रावर चालणारा गेम कसा उभा राहतो ते पाहिलं. आता तोच गेम आणखी दोन यंत्रांवर न्यायचा आहे. बाहेरून वाटतं, कोड तर तयारच आहे, उचलला आणि ठेवला.

२००६ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आणि सोनीचा प्लेस्टेशन ३ हे दोन गेम कन्सोल समोरासमोर उभे ठाकले. मेमरी दोघांकडेही ५१२ एमबी. पण एक्सबॉक्सची सगळी सामाईक, तर प्लेस्टेशनची २५६ प्रोसेसरकडे आणि २५६ ग्राफिक्स चिपकडे. वाटणी झालेला वाडाच तो. थोरल्याच्या खोल्या रिकाम्या असल्या तरी धाकट्याचे पाहुणे सहजी तिथे उतरत नाहीत.

खरा घोळ मात्र प्रोसेसरचा. एक्सबॉक्समध्ये एकसारखे तीन कोअर होते. प्लेस्टेशनच्या, सोनी, तोशिबा आणि आयबीएमने मिळून घडवलेल्या ‘सेल’ प्रोसेसरमध्ये मुख्य कोअर एकच, आणि गेमच्या वाट्याला सहा छोटे मदतनीस. प्रत्येक मदतनिसापाशी जागा फक्त २५६ केबी, कोड आणि डेटा दोन्ही त्यातच. मुख्य मेमरीत थेट हात घालता येत नाही. हवं ते मागवून घ्यायचं, काम उरकायचं, परत पाठवायचं. कामाचे तसे तुकडे पाडून दिले की हे सहाजण फार वेगाने राबत. एक्सबॉक्ससाठी लिहिलेला कोड जसाच्या तसा आणला, की सगळं ओझं मुख्य कोअरवर आणि बाकीचे हाताची घडी घालून बसलेले. २००९ च्या ‘बायोनेटा’ची प्लेस्टेशन आवृत्ती एक्सबॉक्सवरून नेलेली होती, आणि ती अडखळत चाले. माझ्या मते सेल हुशार होता, पण त्याची हुशारी वापरायला वेगळा गेम लिहावा लागे, आणि दोन गेम लिहिण्याइतका पैसा फार थोड्यांकडे होता.

पीसीची तऱ्हा तिसरीच. आपण २१ लिहिताना दशक आधी लिहितो, बोलताना मात्र ‘एकवीस’, म्हणजे एकक आधी. यंत्रांतही हा भेद आहे. पीसी १ हा अंक चार बाइटांत ०१ ०० ०० ०० असा ठेवतो. हे दोन्ही कन्सोल ०० ०० ०० ०१ असा. पीसीवर बनवलेली फाइल न उलटवता कन्सोलला दिली, तर एकाचे थेट १,६७,७७,२१६ होतात. खेळाडूला एक नाणं द्यायला गेलात, तर तो कोट्यधीश!

२०१३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी पीसीच्याच कुळातल्या एएमडीच्या चिपा घेतल्या आणि हे दुखणं बरंचसं ओसरलं. उरली ती तपासणी. खेळता खेळता कंट्रोलरचा संपर्क तुटला तर गेम काय करतो, इथपर्यंत प्रत्येक कंपनी आपापल्या नियमांनी पाहते. शिवाय जपानी प्लेस्टेशनवर वर्षानुवर्षं गोल बटण म्हणजे ‘हो’ आणि फुली म्हणजे ‘नाही’; अमेरिकेत बरोबर उलटं होतं.

मेमरीने मात्र पुन्हा गाठलंच. एक्सबॉक्स सिरीज एक्सकडे १६ जीबी, स्वस्तातल्या सिरीज एसकडे १०, आणि दोघांवर गेममधल्या सोयी सारख्याच हव्यात असा मायक्रोसॉफ्टचा आग्रह. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओचा ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये पीसीवर आणि सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशन ५ वर आला. एकाच टीव्हीचे दोन भाग करून दोघांनी खेळायची सोय सिरीज एसमध्ये काही केल्या बसेना, म्हणून एक्सबॉक्सवाले ताटकळत राहिले. शेवटी मायक्रोसॉफ्टने सूट दिली आणि डिसेंबरमध्ये गेम एक्सबॉक्सवर आला, सिरीज एसवर त्या सोयीविना. तिथे ती पोचली एप्रिल २०२५ मध्ये.