ठिणगीची वेळ

खोताच्या वाडीबाहेर, गिरगावच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे दिसलेली प्रीमियर पद्मिनी २०२३ साली मुंबईच्या टॅक्सीतून निवृत्त झाली. हौशी लोक अशा गाडीच्या इंजिनाचे हेड घासून दाब वाढवतात. मग ठिणगीची वेळ पुन्हा जमवावीच लागते.

पेट्रोल जळायला क्षणभर लागतो. म्हणून दट्ट्या वर पोहोचण्याआधीच ठिणगी पडते. फार लवकर पडली तर इंजिन खडखडते, दट्ट्याला भोकही पडते. उशिरा पडली तर जोर वाया.

नंतर मिश्रण. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा पुरते. पूर्ण जोरासाठी १२.५ ते १३ बरी. प्लग काढून पाहा: काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी, बिस्किटी असेल तर जमले! मात्र खडखड ऐकताच पेडलवरचा पाय उचला.