संगणकीय खेळांतील कृत्रिम बुद्धिमत्ताधारित प्रतिमावर्धन आणि पडद्याची निवड : एक विवेचन

बीजसंज्ञा : प्रतिमावर्धन, पिक्सेल, नमुना, विभेदन, चौकटनिर्मिती, मॉनिटर

प्रस्तावना

संगणकावरील खेळ हा विषय महाविद्यालयीन नियतकालिकाच्या पृष्ठांवर काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. तथापि आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनात ज्या ग्राफिक्स कार्डांवाचून पान हलत नाही, ती कार्डे मुळात खेळांच्या बाजारपेठेनेच पोसली, हे विसरून चालणार नाही. या बाजारपेठेत २०१८ नंतर एक मूलगामी बदल घडून आला. तोपर्यंत व्यवहार बहुतांशी सरळ होता. पडद्यावर जितके पिक्सेल, तितकेच पिक्सेल कार्डाने प्रत्येक चौकटीत रंगवावयाचे. १९२० × १०८० विभेदनाच्या पडद्यावर ते २०,७३,६०० होतात. बाजारात ज्याला ‘फोर-के’ म्हणतात त्या ३८४० × २१६० विभेदनाच्या पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. पडदा मोठ्या विभेदनाचा घेतला की कार्डही त्या तोलाचे घ्यावे लागे.

काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरला पिक्सेलांची ठरावीक जाळी नव्हती, त्यामुळे कमी विभेदनाचे चित्रही त्यावर खपून जाई. एलसीडी पडद्याची जाळी मात्र कारखान्यातच कायमची ठरते, आणि तिच्याहून कमी विभेदनाचे चित्र तिच्यावर ताणले की ते पुसट होते. या अडचणीवरचा उपाय म्हणून कृत्रिम बुद्धिमत्ताधारित प्रतिमावर्धन, म्हणजेच एआय अपस्केलिंग, पुढे आले. कमी पिक्सेल रंगवून पूर्ण पडदा भरणारे हे तंत्र नेमके काय करते, आणि त्यामुळे पडदा निवडण्याचे जुने आडाखे कितपत बदलतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पिक्सेल : ठिपका की नमुना?

पिक्सेल म्हणजे पडद्यावरील एक रंगीत ठिपका, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चित्र तयार करणाऱ्या प्रक्रियेच्या दृष्टीने मात्र तो एक नमुना होय. दृश्यातील एका बिंदूवर कोणता रंग आहे, याची केलेली एक विचारणा. दूरवरच्या तारेच्या कुंपणाचे उदाहरण घेता येईल. दोन विचारणांच्या मधून तार निसटली तर ती चित्रात येतच नाही. पुढच्या चौकटीत दृष्टिकोन किंचित बदलताच तीच तार सापडते, आणि खेळणाऱ्यास ती लुकलुकताना दिसते. क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात मांडलेल्या नमुनासिद्धान्ताचाच हा प्रत्यय आहे. तपशील जितका सूक्ष्म, तितके नमुने दाट हवेत. एका चौकटीतून निसटलेला तपशील त्याच चौकटीतून पुढे कोणत्याही गणिताने खात्रीपूर्वक परत मिळत नाही. ‘खात्रीपूर्वक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कारण अंदाजाने तो भरून काढता येतो, आणि सगळा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

वर्धनाचे दोन मार्ग

‘एआय अपस्केलिंग’ या एकाच नावाखाली दोन भिन्न क्रिया वावरतात. पहिली क्रिया एकट्या छायाचित्रावर केली जाते. हाँगकाँगमधील चायनीज युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये न्यूरल नेटवर्कद्वारे छायाचित्र मोठे करण्याची जी पद्धत मांडली, तिच्यापासून या मार्गाला वेग आला. हजारो चित्रांवर प्रशिक्षित झालेले नेटवर्क लहान चित्रातील अस्पष्ट भाग पाहून तेथे बहुधा काय असावे हे ठरवते आणि ते रंगवते. ते असावे तसे दिसते. होते तसेच असेल असे नाही. २०२० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या ‘पल्स’ या प्रणालीला बराक ओबामा यांचे मुद्दाम ठोकळेदार केलेले छायाचित्र देण्यात आले, तेव्हा तिने एका गोऱ्या पुरुषाचा नीटस चेहरा तयार करून दिला. चेहरा सुस्पष्ट होता. तो ओबामांचा नव्हता, एवढेच. वॉशिंग्टन राज्यातील किंग कौंटीच्या न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एका खून खटल्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने सुधारलेली चित्रफीत पुरावा म्हणून स्वीकारण्यास नकार दिला, त्यामागेही हीच शंका होती.

दुसरी क्रिया खेळातील आहे. खेळाच्या इंजिनाकडे छायाचित्राकडे नसलेली एक गोष्ट असते, ती म्हणजे दृश्य स्वतः. ते दृश्य त्याला पुन्हा पुन्हा विचारता येते. म्हणून प्रत्येक चौकटीगणिक कॅमेऱ्याची दृष्टी पिक्सेलच्या एका अंशाने इकडेतिकडे सरकवली जाते. डोळ्याला हे सरकणे जाणवत नाही, पण प्रत्येक चौकटीत नमुने थोड्या वेगळ्या बिंदूंवरून घेतले जातात. रुंदी व उंची दोन्ही निम्मी ठेवून रंगवलेल्या अशा चार चौकटी एकत्र केल्या, की दृश्य स्थिर असल्यास पूर्ण विभेदनाइतके नमुने हाती येतात. हे नमुने खरे असतात. कुंपणाची तार या चौकटीत निसटली तरी मागच्या तीनपैकी एकीत सापडलेली असते.

अडचण येते ती दृश्य हलू लागल्यावर. धावणाऱ्या पात्राचा मागच्या चौकटीतील नमुना आता चुकीच्या जागी असतो. यासाठी इंजिन प्रत्येक पिक्सेलमागे गतिसदिश पुरवते. हा बिंदू मागच्या चौकटीत कोठे होता, याची ती नोंद असते. परंतु भिंतीआडून अचानक प्रकट झालेल्या भागाला पूर्वेतिहासच नसतो, आणि पाऊस, ठिणग्या, धूर, काचेतील प्रतिबिंब यांचे गतिसदिश अनेकदा मिळत नाहीत किंवा दिशाभूल करतात. शिळा नमुना ठेवला तर वस्तूमागे भुतासारखी छटा रेंगाळते. टाकून दिला तर कुंपण पुन्हा लुकलुकू लागते. एपिक गेम्सचे ब्रायन कॅरिस यांनी २०१४ च्या सिग्राफ परिषदेत मांडलेल्या पद्धतीत जुना रंग शेजारच्या नव्या पिक्सेलांच्या रंगमर्यादेत बसतो की नाही, एवढाच निकष लावला जाई. तो उपयुक्त असला तरी ढोबळ आहे. न्यूरल नेटवर्कचे काम मुख्यतः येथे येते. कोणत्या जुन्या नमुन्यावर किती विश्वास ठेवायचा, याची पारख ते करते.

इतिहासातून मिळणारा पुरावा

प्रस्तुत प्रतिपादनाला तंत्राच्या वाटचालीतूनच पुष्टी मिळते. एनव्हिडियाने २०१८ मध्ये आरटीएक्स मालिकेसोबत जाहीर केलेले डीएलएसएस पहिल्या मार्गाच्या जवळचे होते. प्रत्येक खेळासाठी नेटवर्क स्वतंत्रपणे प्रशिक्षित केले जाई. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘बॅटलफील्ड ५’ मध्ये ते उपलब्ध झाले तेव्हा चित्र धूसर दिसते, अशी टीका झाली. मार्च २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीने मार्ग बदलला. सर्व खेळांसाठी एकच नेटवर्क, आणि त्याला मागील चौकटींतील नमुने व गतिसदिश यांचा पुरवठा. सुधारणा ठळक होती.

एएमडीची कथा याहून बोलकी आहे, कारण तिच्यात कृत्रिम बुद्धिमत्ता उशिरा येते. २०२१ चे एफएसआर केवळ चालू चौकट ताणून धारदार करी. त्यात न्यूरल नेटवर्क नव्हते आणि जुने नमुनेही नव्हते. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीतही नेटवर्क नव्हते, पण जुन्या चौकटींतील नमुने गोळा करणे होते, आणि तेवढ्याने चित्र कितीतरी सुधारले. लाभाचा मोठा वाटा नमुन्यांचा आहे, बुद्धिमत्तेचा नव्हे, हे यावरून दिसते. मग मार्च २०२५ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीने नेटवर्क स्वीकारले, तेव्हा रेंगाळणाऱ्या छटा व लुकलुक पुष्कळच कमी झाली. पारखीचे मोल किती, ते येथे कळते. इंटेलचे २०२२ पासूनचे एक्सईएसएसही याच वाटेने जाते.

चौकटनिर्मिती या तंत्राला मात्र हे समर्थन लागू पडत नाही. २०२२ मध्ये डीएलएसएसच्या तिसऱ्या आवृत्तीसोबत आलेले हे तंत्र दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये एक रचलेली चौकट घालते. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या चौथ्या आवृत्तीने अशा तीनपर्यंत चौकटी घालण्याची सोय केली. मधली चौकट रचण्यासाठी पुढची खरी चौकट तयार व्हावी लागते, म्हणून ती हाती असूनही काही काळ रोखून धरावी लागते. मूळ वेग सेकंदाला ३० चौकटींचा असेल तर पडद्यावर १२० दिसतील, परंतु खेळणाऱ्याच्या कळ दाबण्याला प्रतिसाद ३३ मिलिसेकंदांच्या टप्प्यानेच मिळेल, आणि तोही थोडा आणखी उशिराने. जाहिरातींतील स्तंभालेखांत खऱ्या व रचलेल्या चौकटी एकाच स्तंभात मोजल्या जातात. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजलेली व अंतर्वेशनाने काढलेली निरीक्षणे अशी एकत्र मोजणाऱ्या विद्यार्थ्याची वही परत केली जाईल. मूळ वेग ६० च्या पुढे असताना डोळ्यांना अधिक ओघवते चित्र मिळावे म्हणून हे तंत्र वापरणे योग्य. मंद कार्ड वेगवान करण्याचे ते साधन नाही.

पडद्याच्या निवडीवर होणारा परिणाम

प्रतिमावर्धनाचे ‘क्वालिटी’, ‘परफॉर्मन्स’ असे स्तर असतात. प्रचलित संकेतानुसार पहिल्यात रुंदी व उंची प्रत्येकी दोन तृतीयांश, तर दुसऱ्यात निम्मी रंगवली जाते. ही नावे फसवी आहेत. १९२० × १०८० च्या पडद्यावर ‘क्वालिटी’ स्तरात प्रत्येक चौकटीमागे १२८० × ७२०, म्हणजे ९,२१,६०० नमुने मिळतात. फोर-के पडद्यावर ‘परफॉर्मन्स’ या दुय्यम वाटणाऱ्या स्तरात मात्र २०,७३,६००, म्हणजे दुपटीहून अधिक. त्यामुळे ‘मध्यम कार्ड असेल तर मध्यम पडदा’ हा जुना आडाखा आता पूर्वीइतका खरा राहिलेला नाही. फोर-के पडद्यावर ‘परफॉर्मन्स’ स्तर आणि १०८० ओळींच्या पडद्यावर संपूर्ण चित्रांकन यांना लागणारे मूळ नमुने सारखेच. अर्थात हे फुकट नाही. नेटवर्क चालवण्याचा वेळ व कार्डावरील स्मृती यांची मागणी अंतिम पिक्सेलांच्या संख्येनुसार वाढते, आणि स्वस्त कार्डांवर दोन्हींची वानवा असते.

डोळ्याची क्षमताही लक्षात घ्यावी लागते. निकोप दृष्टीची सूक्ष्मता सुमारे एक कलामिनिट मानली जाते. ६० सेंमी अंतरावर ती सुमारे ०.१७ मिमी भरते. २४ इंची, १०८० ओळींच्या पडद्याचा पिक्सेल ०.२८ मिमीचा, २७ इंची, १४४० ओळींच्या पडद्याचा ०.२३ मिमीचा, तर २७ इंची फोर-के पडद्याचा ०.१६ मिमीचा असतो. प्रतिमावर्धनाच्या चुका साधारणतः एक-दोन पिक्सेलांच्या आकाराच्या असल्याने शेवटच्या पडद्यावर त्या दृष्टीच्या मर्यादेशीच जातात, पहिल्यावर उघड्या पडतात. ज्याचे कार्ड लहान आणि पडदाही लहान, त्याला या तंत्राची गरज सर्वाधिक, आणि लाभ सर्वात कमी. हा विरोधाभास विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात आढळणार नाही.

गतीच्या बाबतीत निर्णय सोपा आहे. आजचे पडदे पुढची चौकट येईपर्यंत आधीची तशीच धरून ठेवतात. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकणारी वस्तू ६० हर्ट्झच्या पडद्यावर डोळ्याला १६ पिक्सेल पसरलेली भासते, २४० हर्ट्झवर ४ पिक्सेल. म्हणून १२० ते १४४ हर्ट्झपर्यंतची वाढ सहज जाणवते, त्यापुढची क्रमशः कमी. त्याहून अधिक उपयुक्त ठरते ती चौकटींच्या वेगानुसार आपला वेग बदलणाऱ्या पडद्यांची सोय. २०१३ मध्ये जी-सिंक या नावाने पुढे आलेली ही कल्पना पुढे व्हेसा या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंकमुळे स्वस्त पडद्यांतही पोहोचली.

राहता राहिला पडद्याच्या जातीचा प्रश्न. ओएलईडी पडद्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो व विझतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा असतो आणि रंगबदल जवळजवळ तत्काळ होतो. उलट बाजूस, खेळातील नकाशा किंवा संगणकाची कार्यपट्टी तासन्‌तास एकाच जागी राहिल्यास तिचा ठसा कायमचा उमटण्याचा धोका असतो. ज्या संगणकावर रात्री खेळ आणि दिवसा अध्यापनाचे काम चालते, त्याच्या बाबतीत आणखी एक बाब पाहावी लागते. २०२२ पासून बाजारात आलेल्या क्यूडी-ओएलईडी मॉनिटरांच्या आरंभीच्या पिढ्यांत लाल, हिरवा व निळा उपपिक्सेल एका ओळीत नसून त्रिकोणात मांडलेले आहेत, तर विंडोजमधील अक्षरे रेखीव करण्याची व्यवस्था ते शेजारी-शेजारी एका ओळीत आहेत असे गृहीत धरते. परिणामी आडव्या कडांवर हिरवट-जांभळट झाक येते. रोमन लिपीत आडव्या कडा तुटक असतात. देवनागरीत शिरोरेषा संपूर्ण ओळभर धावते, आणि ही झाक तिच्यावरच सर्वाधिक ठळक दिसते. दुकानात असा पडदा पाहताना खेळाच्या झगमगत्या नमुनाचित्रफितीबरोबरच मराठी मजकुराचे एक पान, पांढऱ्या पृष्ठभागावर बारा अंकी टंकात उघडून, नेहमीच्या अंतरावरून दोन-चार मिनिटे वाचून पाहावे.