पुटकुळी फोडू नका, आधी हे वाचा

काटेसावरीचं खोड पाहिलंय? बुडाशी जाड आणि टोकाला अणकुचीदार काटे अंगभर उठलेले असतात. तरुणांच्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या या काट्यांसारख्या दिसतात, असं सुश्रुतसंहिता सांगते. तिथे दोष दिलाय तो कफ, वात आणि रक्ताला.

रोमनांकडचा इलाज भलताच झटपट. पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास मार्सेलस नावाच्या ग्रंथकाराने लिहून ठेवलं, की तारा तुटताना दिसला की त्याच क्षणी पुटकुळ्या फडक्याने पुसायच्या, ताऱ्यासारख्या गळून पडतील. उघड्या हाताने मात्र पुसायच्या नाहीत, नाहीतर त्या हातावर येतील! तळहातावर तरी त्या येणं शक्यच नाही. तळहात आणि तळपाय या दोन जागी तैलग्रंथीच नसतात, आणि तैलग्रंथी नाही तिथे मुरूम नाही.

वयात येताना हार्मोन्स वाढतात, या ग्रंथी जोरात तेल सोडू लागतात, केसाच्या मुळाचं छिद्र मृत पेशींनी बुजतं आणि आत साचलेल्या तेलावर जिवाणू फोफावतात. हे जिवाणू निरोगी कातडीवरही राहतात, त्यामुळे मुरूम म्हणजे अस्वच्छता हा आरोप साफ चुकीचा आहे. ब्लॅकहेडचा काळा ठिपकासुद्धा मळ नव्हे. त्वचेचं रंगद्रव्य आणि हवा लागून बदललेलं तेल मिळून तो रंग येतो. साबणाने कितीही घासा, तो जाणार नाही, कातडी मात्र सोलवटेल. सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, बस्स.

चॉकलेटचं काय? अमेरिकेत 1969 साली 65 जणांवर प्रयोग झाला आणि चॉकलेट निर्दोष ठरलं. पण तुलनेसाठी दिलेल्या बिनचॉकलेटच्या वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती, मग फरक दिसणार कसा? पुढे 2002 मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरचा अहवाल आला. कंदमुळं, फळं, मासे, नारळ खाणाऱ्या तिथल्या 1200 माणसांना तपासलं, तर एकाच्याही तोंडावर मुरूम नाही! यात आहाराचा वाटा किती आणि अनुवंशाचा किती, हा वाद चालूच आहे. साखर आणि मैदा कमी केल्याने काहींना फायदा होतो, एवढं म्हणता येतं.

आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे कपाळावर, केसांच्या कडेने उठणाऱ्या बारीक बारीक पुटकुळ्या. रात्री डोक्याला खोबरेल चोपडायचं आणि तसंच झोपायचं. तेल कपाळावर उतरतं, उशीच्या अभ्र्याला लागतं, अभ्र्यावरून गालाला. चंपी जरूर करा, पण झोपण्याआधी डोकं धुवा आणि अभ्रे वरचेवर बदला.

घरगुती उपायांत सहाणेवर दुधात उगाळलेलं जायफळ घरोघरी ठाऊक आहे. लिंबाच्या वाटेला मात्र जाऊ नका. रस लावून उन्हात गेलात तर कातडी भाजून काळे डाग उरतात. टूथपेस्टनेही आगच होते. आणि फोडणं तर नकोच, कारण आपल्या सावळ्या कातडीवर पुटकुळी आठवड्यात जाते, तिचा डाग महिनोन् महिने राहतो.

आता खरी औषधं. बेन्झॉइल पेरॉक्साइडला जिवाणू सरावत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. पण ते कपड्याचा रंग उडवतं, म्हणून तोंड पुसायला पांढराच टॉवेल घ्या. ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापलीन रात्री लावायचं, वाटाण्याएवढंच, आणि फक्त पुटकुळीवर नव्हे तर सगळ्या चेहऱ्यावर. सकाळी सनस्क्रीन. सुरुवातीला कातडी कोरडी पडते, कधी पुटकुळ्या वाढल्यासारख्याही वाटतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि नेमके तिसऱ्या आठवड्यात लोक ट्यूब फेकतात!

कुष्ठरोगावर वर्षानुवर्षं वापरलं जाणारं डॅप्सोन आज जेल होऊन मुरुमांवरही लावलं जातं. सर्वांत जबर औषध आयसोट्रेटिनॉइन, अमेरिकेत 1982 पासून वापरात. ते गर्भाला घातक असल्याने घेताना आणि थांबवल्यावरही किमान महिनाभर गर्भधारणा टाळावीच लागते. हे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचंच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मैत्रिणीने सुचवलेलं, मेडिकलमधून सहज आणलेलं ते मलम, ज्याने चार दिवसांत चेहरा गुळगुळीत आणि उजळ होतो, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. थांबवलं की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा लावलं जातं. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते आणि ज्यासाठी हे सुरू केलं ती मुरुमंही दुपटीने येतात. देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध आवाज उठवला आणि 2018 मध्ये अशी 14 स्टेरॉइडं शेड्यूल एच मध्ये गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ती हातोहात मिळतात. तेव्हा घरातल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं आजच वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं आणि मलम कित्येक महिने चेहऱ्यावर चालू असेल, तर ते एकदम बंद करू नका, ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.