मासा सोडला, नोंद ठेवली: शहागड ते रेडिंग, गळ टाकण्याचं एक वर्ष

ज्यांना हेडफोन लावून हा भाग ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी लिहून टाकतोय. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

मी जालन्याचा. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. आज मात्र कोडबद्दल काही नाही. आज मासे.

सुरुवात एका मेलेल्या कटल्यापासून

गेल्या वर्षी मे महिन्यात गावी गेलो होतो. आमच्या अंबड तालुक्यात शहागडजवळ गोदावरीत बंधाऱ्याचं पाणी अडलेलं असतं. मी नवीन रॉड घेतला होता, यूट्यूबवर पन्नासेक व्हिडिओ बघून झाले होते. दुपारी तीन वाजता कणकेच्या गोळ्याला कटला लागला. सहा किलो दोनशे ग्रॅम! वीस मिनिटं ओढाताण करून काठावर आणला, तापलेल्या खडकावर ठेवला, मामेभावाने सतरा फोटो काढले. मग मोठ्या मनाने पाण्यात सोडून दिला. 'कॅच अँड रिलीज' म्हणून स्टेटसही ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मासा पोट वर करून काठाला लागला होता.

तिथे जाळी धुवत बसलेले भोई समाजातले एक काका म्हणाले, "पोरा, सोडायचाच व्हता तर धरला कशाला? आन् धरला तर खाल्ला का न्हाई?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढचं वर्षभर जे काही केलं, ते या प्रश्नाच्या मागे लागूनच केलं.

स्पेसिमेन फिशिंग म्हणजे काय?

साध्या मासेमारीत मासा लागला की झालं. स्पेसिमेनवाल्यांचं तसं नसतं. ते एक जात ठरवतात, त्या जातीतला मोठा मासा कुठल्या पाण्यात असेल याचा अभ्यास करतात आणि त्याच्यासाठी रात्र-रात्र बसतात. मासा मिळाला की वजन करायचं, लिहून ठेवायचं आणि जिवंत सोडायचं. 'मोठा' हे जातीवर ठरतं. एक किलोची चिलापी मोठी, एक किलोचा कटला म्हणजे पोरगंच.

हे वेड सगळ्यात जास्त वाढलं इंग्लंडमध्ये. १९५२ साली रिचर्ड वॉकर नावाच्या माणसाने रेडमायर पूल या छोट्या तळ्यात ४४ पाउंडांचा कार्प पकडला, म्हणजे जवळपास २० किलो. मासा जिवंत ठेवला आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दिला. तिथे तो १९७१ पर्यंत जगला. त्याचं नाव पडलं क्लॅरिसा. केंट परगण्यात 'टू टोन' नावाचा कार्प होता, तीस किलोच्या आसपासचा. तो २०१० मध्ये मेला, तेव्हा लोक खरोखर हळहळले. म्हणजे एकच मासा वर्षानुवर्षं वेगवेगळ्या लोकांच्या गळाला लागतो, प्रत्येक जण वजन लिहितो आणि परत सोडतो. त्यांच्यासाठी तो मासा म्हणजे ओळखीचा माणूसच.

मग माझा कटला का मेला?

सप्टेंबरमध्ये कंपनीने तीन महिन्यांसाठी रेडिंगला पाठवलं. रॉड बॅगेत मावला नाही, पण प्रश्न सोबत होता.

तिथे आधी सरकारी रॉड लायसन्स काढावं लागतं, ते मोबाइलवरून निघतं. मग ज्याचं तळं त्याचं दिवसाचं तिकीट. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून हा सगळा काळ बंद, कारण तो बहुतेक माशांच्या अंडी घालण्याचा काळ. आणि तळ्यावर गेल्यावर मालकाने माझा रॉड बघितलाच नाही. आधी विचारलं, "मॅट कुठाय?"

मॅट म्हणजे ओली गादी, मासा ठेवायला. त्या दिवशी कळलं की मी काय काय चुकलो होतो. एकेक सांगतो.

माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो, तो त्याचं संरक्षण करतो, रोगजंतूंना अडवतो. कोरड्या हाताने किंवा गरम खडकावर तो निघून जातो. म्हणून हात ओले, मॅट ओली, वजनाची झोळीसुद्धा ओली. (झोळीचं वजन आधी शून्यावर आणायचं, नाहीतर आपण पाण्याचंच वजन मिरवतो.)

दुसरं, ओढाताण. मासा जीव खाऊन झुंजतो तेव्हा त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं. आपण जिममध्ये अति केल्यावर होतं तसंच. त्या वेळी त्याला ऑक्सिजन हवा असतो आणि आपण त्याला पाण्याबाहेर धरून सेल्फी काढत असतो. तिथे एक सोपा नियम आहे: मासा पाण्याबाहेर काढला की आपला श्वास रोखायचा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला, की त्यालाही घ्यायचा आहे.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी. इंग्लंडच्या ऑक्टोबरमधलं पाणी आणि मराठवाड्याच्या मे महिन्यातलं बंधाऱ्याचं साचलेलं पाणी, यांत जमीन-अस्मानाचा फरक. माझा कटला थकला होता, त्याचा थर निघाला होता आणि मी त्याला परत सोडला तो कोमट, दमट पाण्यात. मी त्याला सोडलंच नव्हतं खरं तर. फक्त मरायला दुसऱ्या जागी ठेवलं होतं.

रेडिंगला नऊ वेळा गेलो. ६१ तासांत अकरा कार्प मिळाले. सगळ्यात मोठा १७ पाउंड ६ औंस, म्हणजे पावणेआठ किलोच्या थोडा वर. बिनकाट्याचा गळ, ओली मॅट, अर्ध्या मिनिटात फोटो, आणि शेपटी मारून गेला पठ्ठ्या!

"तू महासीरच्या देशातला ना?"

एका संध्याकाळी शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, कुठला? मी म्हटलं, इंडिया. त्यांचे डोळे चमकले. "कावेरी! महासीर!" मी फक्त मान हलवली. गोदाकाठचा मी, पण महासीरबद्दल मला ओ की ठो माहीत नव्हतं. त्या रात्री वाचायला बसलो आणि पहाटे तीन वाजेपर्यंत वाचत होतो.

महासीर म्हणजे मोठ्या खवल्यांचा, वाहत्या पाण्यातला ताकदवान मासा. १९४६ साली कर्नाटकातल्या कबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी १२० पाउंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा महासीर पकडला होता. तो कावेरी खोऱ्यातला पाठीवर उंचवटा असलेला महासीर.

आपल्या महाराष्ट्राचा महासीर वेगळा, निळसर पंखांचा. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, 'खुदरी' नावाने. गोदावरीच्या खोऱ्यातही तो नोंदलेला आहे. महाड तालुक्यात वाळणकोंडीला लोक देवीचे मासे म्हणून त्याला सांभाळतात, तिथे कुणी गळ टाकत नाही. धरणं झाली, वाहतं पाणी अडलं, तसा हा मासा कमी होत गेला. मग १९७०च्या सुमारास मत्स्यतज्ज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी त्याची कृत्रिम पैदास करून दाखवली. लोणावळ्याला वळवण इथे टाटांच्या केंद्रात लाखोंनी पिल्लं तयार झाली आणि देशभर गेली. कावेरीतही गेली.

इथपर्यंत मला वाटलं, वा! काय भारी काम!

वहीने सांगितलेली गोष्ट

आता नीट ऐका, कारण या भागातली मुख्य गोष्ट हीच आहे.

कावेरीवर गालिबोर नावाचा कॅम्प होता. देशोदेशीचे लोक तिथे नाचणीचा उंडा गळाला लावून महासीरसाठी बसायचे आणि मासा सोडून द्यायचे. कॅम्पवाले प्रत्येकाची नोंद ठेवायचे: कोण, किती तास बसला, कुठला मासा, किती वजन. १९९८ ते २०१२ ही वही चालली. पुढे अभयारण्यातलं अँगलिंग बंद झालं. पिंडर, राघवन आणि ब्रिटन या संशोधकांनी त्या नोंदी काढून तपासल्या. सहा हजारांहून जास्त मासे होते.

त्यात दिसलं काय? एकूण महासीर वाढत होते, पण ते निळ्या पंखांचे, म्हणजे आपल्याकडून गेलेले. तिथल्या मूळच्या उंचवट्याच्या महासीरची संख्या घसरत होती. आणि गंमत बघा, त्याच वेळी त्याचं सरासरी वजन *वाढत* होतं.

फोटो बघणाऱ्याला काय वाटेल? "अरे, मासे मोठे व्हायला लागले, नदी मस्त आहे!" खरं उलटं होतं. म्हातारे मासे तेवढे उरले होते आणि नवी पिल्लं वाढतच नव्हती. ज्या गावात फक्त आजी-आजोबाच उरलेत, तिथलं सरासरी वय वाढतं. म्हणून काही गाव भरभराटीला आलं असं होत नाही.

२०१८ मध्ये संशोधकांनी दाखवलं की कावेरीतला हा मासा आणि केरळच्या पांबार नदीतून २००७ साली वर्णन झालेली 'रेमादेवी' ही जात एकच आहे. नाव पक्कं झालं आणि लगेच जगातल्या अतिसंकटग्रस्त माशांच्या यादीत गेलं. आपला निळ्या पंखांचा मात्र आता धोक्याच्या यादीतून बाहेर आहे. लोणावळ्याचं काम वाईट होतं असं मी म्हणत नाही, त्या काळी ते चांगल्याच हेतूने झालं. पण एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत टाकला, की तो तिथे पाहुणा राहत नाही.

शून्यसुद्धा लिहायचं

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. आपण सर्व्हरचा लॉग फक्त सगळं छान चाललंय तेव्हाच लिहिला तर तो काय कामाचा? मासेमारीत सगळे तेच करतात. मोठा मासा लागला की फोटो, रिकाम्या हाताने आलो की गप्प.

गालिबोरची वही कामाला आली, कारण तिच्यात *तास* लिहिले होते. दहा मासे दोन तासांत मिळाले की दोनशे तासांत, यावर सगळं ठरतं. याला म्हणतात दर तासामागची पकड. आणि त्यासाठी रिकामा दिवससुद्धा लिहावा लागतो.

डिसेंबरमध्ये परत आलो आणि गावच्या नदीवर हेच सुरू केलं. आपल्याकडे बहुतेक जलाशयांत मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, म्हणून आधी संस्थेच्या लोकांना विचारलं. पैठणला जायकवाडीचं अभयारण्य आहे, तिकडे गळ नेलाच नाही. मोबाइलमध्ये एक साधी शीट केली: तारीख, तास, पाण्याचं तापमान, जात, लांबी, वजन. थंडीत पहाटे जायचो, मार्चनंतर बंद केलं.

तीन-साडेतीन महिन्यांचा हिशोब: २९ फेऱ्या, ११६ तास, ४१ मासे. त्यातल्या २७ चिलापी, ज्या मूळच्या आफ्रिकेतल्या. सात कटले, चार राहू, तीन मरळ. सोळा फेऱ्यांत काहीच नाही. महासीर: शून्य.

एवढ्यावरून नदीबद्दल काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. गोळा कणकेचा, जागा एकच, माणूस शिकाऊ. पण पुढच्या वर्षी आणि दहा वर्षांनी याच्याशी ताडून बघायला काहीतरी असेल.

काकांचं उत्तर

फेब्रुवारीत काकांना ती शीट दाखवली. त्यांनी मोबाइल हातात घेतला, बराच वेळ वर-खाली केला. मग म्हणाले, "ह्यात वाम न्हाई एक बी."

मी म्हटलं, "लागलीच नाही काका."

"आमच्या बापाच्या वक्ताला रातीला टोपलं भरायचं वामचं. मोठ्या खवल्याचा एक मासा यायचा पुराच्या पान्यात, रुपयाएवढं खवलं. कुनी लिव्हलं न्हाई."

तो महासीरच होता का, ते आता सांगता येणार नाही. काकांनीही तो लहानपणीच पाहिलेला.

मग मी त्यांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, "काका, धरतो ते मोजायला, आणि सोडतो ते पुढच्याला मोजता यावं म्हणून." ते हसले. "तुझं पोट कंप्युटरवर हाय, म्हनून जमतं तुला."

ते खरंच आहे. ज्याचं घर माशावर चालतं त्याने मासा सोडावा, असं मी कुठल्या तोंडाने सांगू? त्यांचा मासा हे जेवण आहे, माझा मासा हा छंद आहे. छंद असेल तर निदान मासा मारू नये आणि खोटं चित्र उभं करू नये, एवढं माझ्यावर आहे.

त्या दिवसापासून शीटमध्ये एक रकाना वाढलाय: 'काकांचं जाळं'. संध्याकाळी ते फोन करतात, किती तास, काय लागलं ते सांगतात, मी लिहितो. गेल्या आठवड्यात एक वाम लागली. त्यांनी फोनवर पहिलं वाक्य तेच सांगितलं.

तुमच्या गावच्या नदीत, तलावात आधी कुठले मासे होते, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. गळ टाकत असाल तर हात ओले ठेवा, मे महिन्यात घरी बसा आणि रिकामा दिवसही लिहा. भेटू पुढच्या भागात!