चर्चमधली वाणी, लोकांच्या चाली

ख्रिस्ती श्रद्धेत ‘मंडळी’ हा शब्द इमारतीसाठी नाही, माणसांसाठी आहे. नव्या करारातील ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलने तो योजला. बोलावून एकत्र आणलेली माणसे, असा त्याचा अर्थ. रविवारी ही माणसे एका जागी जमतात, गातात, शास्त्रवाचन ऐकतात, भाकर मोडतात. आता त्यांचे बरेचसे येणेजाणे मोबाइलवरही होते. उपासना यूट्यूबवर दिसते, प्रार्थनेच्या विनंत्या व्हॉट्सअॅपच्या गटात येतात, तरुणसंघाची गाणी इन्स्टाग्रामवर फिरतात. जिथे चित्रपटातली गाणी, क्रिकेट आणि विनोदी रील चालतात, त्याच पडद्यावर प्रवचनही चालते. या शेजाराने श्रद्धेचे काय होते, हा प्रश्न गंभीर आहे. मात्र तो आजचा नाही. लोकांच्या आवडीची रूपे उपासनेत घ्यावीत का आणि किती, यावर या प्रदेशातले ख्रिस्ती लोक चारशे वर्षे विचार करत आले आहेत.

वडोदऱ्याला या गोष्टीत खास स्थान आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गुजरातमध्ये ख्रिस्ती लोक तीन लाखांहून थोडे अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास होते. एवढ्या लहान समाजातही वडोदऱ्यात कॅथलिक आहेत, मेथडिस्ट आहेत आणि इतर पंथांचे लोकही आहेत. कॅथलिकांचा बडोदा धर्मप्रांत १९६६ मध्ये स्थापन झाला. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली. रेल्वे आणि अशा कारखान्यांमुळे दक्षिणेकडची, गोव्याकडची कुटुंबेही शहरात आली. त्यामुळे इथल्या मंडळ्यांत एकाच बाकावर निरनिराळ्या मातृभाषांची माणसे बसतात, आणि कोणत्या भाषेत, कोणत्या चालीत गायचे हा प्रश्न दर रविवारी नव्याने उभा राहतो.

शहराच्या ख्रिस्ती इतिहासाच्या सुरुवातीलाच एक गीतकार भेटतो. कोलकात्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५ मध्ये बडोद्याला आले आणि ब्रिटिश छावणीतल्या चर्चचे त्यांनी समर्पण केले. इंग्रजी बोलणाऱ्या जगात हेबर आज ओळखले जातात ते त्यांच्या गीतांमुळे. त्रैक्याच्या रविवारी गायले जाणारे ‘होली, होली, होली’ हे गीत त्यांचेच. त्यांनी वर्षभराच्या उपासनांसाठी गीतांचा संग्रह तयार केला, पण नव्या गीतांना इंग्लंडच्या चर्चमध्ये तेव्हा अधिकृत जागा नव्हती, आणि संग्रहाला वरून मान्यता मिळाली नाही. १८२६ मध्ये तिरुचिरापल्ली येथे हेबर वारले आणि पुढच्या वर्षी तो संग्रह छापला गेला. ज्या गीतांना अधिकृत दार बंद होते ती आज अनेक देशांत उपासनेचा भाग आहेत. उपासनेत नवे आले की पहिली प्रतिक्रिया नकाराची असते, हे युरोपातही घडत होते.

मराठीत ही वाट त्याहून दोनशे वर्षे आधी उघडली. थॉमस स्टीफन्स हे जेझुइट या कॅथलिक संघाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत तिथेच राहिले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांपुढे एक रितेपण होते. त्यांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी गायला, ऐकायला काही नव्हते. स्टीफन्स यांनी ही गरज ओळखली आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ लिहिले. ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. देवनागरीचे खिळे हाताशी नसल्याने छपाई रोमन लिपीत झाली, भाषा मात्र मराठी. ग्रंथाचे दोन भाग, पहिला जुन्या कराराच्या कथेचा आणि दुसरा येशूच्या जीवनाचा. रविवारी आणि सणांना मिस्सा या उपासनेनंतर लोक तो चर्चमध्ये गात.

स्टीफन्स यांनी नेमके काय उचलले आणि काय बाजूला ठेवले, हे पाहण्यासारखे आहे. ओवी हा छंद घेतला, पुराण हा प्रकार घेतला, श्रोत्यांशी बोलत कथा पुढे नेण्याची रीत घेतली. सांगायची कथा मात्र बायबलचीच ठेवली. ओवी ही त्या काळची लोकसंस्कृती होती. जात्यावर, देवळात, पोथीत तीच होती. आज तरुण मंडळी उपासनेत गिटार आणि कीबोर्ड आणतात, त्यामागेही हाच हिशेब असतो, फरक एवढाच की स्टीफन्स यांनी आधी भाषेत बुडी मारली. कोकणी आणि मराठी त्यांनी इतकी आत्मसात केली होती की कोकणीचे व्याकरणही लिहिले. एखाद्या माध्यमात शिरणाऱ्याने ते मनापासून शिकले पाहिजे, एवढी कडक कसोटी आज क्वचितच लावली जाते. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने गोव्यात स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली, तरी क्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती टिकल्या आणि १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा मार्ग वेगळा, पण दिशा तीच. १८९३ मध्ये राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तोवर ते मराठीतले नावाजलेले कवी होते. मिशनच्या चर्चमध्ये त्यांना पाश्चात्त्य चालींवर बेतलेली गीते भेटली. मराठी शब्द त्या चालींत अवघडून बसत. टिळकांनी अभंग, पदे लिहिली आणि टाळ-मृदंगाच्या साथीने कीर्तने केली. नगरकडे ख्रिस्ती कीर्तन त्यांच्या आधीही होत असे. टिळकांनी त्याला कवीचा आवाज दिला. कीर्तनाची बांधणीच ख्रिस्ती प्रवचनाला जवळची आहे. पूर्वरंगात एका वचनाचे निरूपण, उत्तररंगात त्याला धरून आख्यान, मध्ये गाणे, आणि श्रोत्यांचा आवाज सतत सोबत. प्रवचनात मंडळी ऐकते, कीर्तनात ती गातेही.

सगळ्यांनाच हे रुचले नाही. टाळ आणि अभंग म्हणजे जुन्या धर्माकडे परतणे, असे काहींना वाटे. टिळक मागे हटले नाहीत. १९१२ ते १९१९ या काळात ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. अमेरिकन मराठी मिशनचे हे नियतकालिक १८४२ मध्ये सुरू झाले होते, आणि छापलेला अंक हे त्या शतकाचे नवे माध्यम होते. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समाज उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांसोबत न घेतलेल्यांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे अपुरे महाकाव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आज ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडले की टिळकांची गीते पानोपानी भेटतात, आणि कधीकाळी त्यांच्याबद्दल शंका होती हे गाणाऱ्यांच्या ध्यानातही नसते.

सिनेमाचा धागा तर थेट बडोद्यातून जातो. दादासाहेब फाळके यांनी चित्रकलेचे शिक्षण बडोद्याच्या कलाभवनात घेतले आणि छायाचित्रणाचा नाद त्यांना याच काळात लागला. १९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. त्यातून ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या उगमाशीच एक ख्रिस्ती कथा आहे, आणि ती मिशनच्या कोणत्याही योजनेतून नव्हे, तिकीट काढून पाहणाऱ्या एका मराठी माणसाच्या डोळ्यांतून आली. पुढे १९७८ मध्ये ‘करुणामयुडु’ हा तेलुगू चित्रपट आला. त्याची हिंदी आवृत्ती ‘दयासागर’ या नावाने गावोगावी पडदे लावून दाखवली गेली. १९७९ चा ‘जीझस’ हा चित्रपट मराठी, गुजरातीसह शेकडो भाषांत ध्वनिमुद्रित झाला. चर्चमध्ये कधीही न गेलेल्या असंख्य माणसांनी येशूचा चेहरा प्रथम पाहिला तो अशा पडद्यांवर.

उलट प्रसंगही आले. २००६ मध्ये ‘द दा विंची कोड’ भारतात आला तेव्हा कॅथलिक संघटनांनी निदर्शने केली, काही राज्यांनी बंदी घातली, आणि अन्यत्र चित्रपट ही कल्पित कथा आहे अशा निवेदनासह लागला. दुखावणे खरे होते. पण त्या महिन्यांत अनेक धर्मग्रामांत येशूबद्दलच्या ऐतिहासिक पुराव्यांवर व्याख्याने झाली, ती निदर्शनांहून अधिक उपयोगी पडली असावीत.

गुजरातमध्ये लोकप्रिय माध्यमाशी सर्वांत सुंदर नाते जोडले ते फादर कार्लोस वालेस यांनी. हे स्पॅनिश जेझुइट १९४९ मध्ये भारतात आले, अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजात गणित शिकवू लागले आणि गुजरातीत लिहू लागले. ‘गुजरात समाचार’मधला तरुणांसाठीचा त्यांचा स्तंभ घरोघरी वाचला जाई. वाचक बहुतेक हिंदू आणि जैन. वालेस धर्मप्रचार करत नसत. कुटुंब, मैत्री, अभ्यास, खरेपणा यांवर लिहीत. बरीच वर्षे ते पोळांमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्त्यांमधल्या, सामान्य घरांत पाहुणे म्हणून राहिले, तिथेच जेवले, तिथूनच सायकलने कॉलेजात गेले. स्पेनला परतल्यावर ते वेबसाइटवरून वाचकांना लिहीत राहिले. २०२० मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या लोकप्रियतेचे मूळ त्या पोळांत आहे. ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांच्या ताटात ते आधी जेवले होते.

मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी आली आणि मंडळीला एका आठवड्यात पडद्यावर जावे लागले. १० एप्रिलला गुड फ्रायडे होता, १२ ला ईस्टर. प्रार्थनास्थळे बंद. देशातल्या इतर शहरांप्रमाणे वडोदऱ्यातही ख्रिस्ती घरांनी तो सण मोबाइलसमोर साजरा केला. पहिली प्रक्षेपणे ओबडधोबड होती. रिकाम्या बाकांसमोर एक मोबाइल उभा केलेला, पंख्याचा आवाज प्रवचनापेक्षा मोठा, तबला माइकजवळ आणि गाणारा दूर. चार्जिंग किती टक्के उरले याकडे डोळा ठेवून बसलेला एखादा मुलगा हाच त्या दिवसांत उपासनेचा नवा सेवक झाला. आणि घरात आजी पदर डोक्यावर घेऊन, चपला काढून पडद्यासमोर बसे, शुभवर्तमानाच्या वाचनाला उठून उभी राही. तिच्यासाठी तो पडदा देवळाचा उंबरठाच होता.

प्रार्थनास्थळे उघडली, पण प्रक्षेपण थांबले नाही. आजारी, वृद्ध, परदेशी गेलेली मुले, पाळ्यांमध्ये काम करणारे कामगार यांना ते हवेच होते. मग अधिकृत भूमिकेचा प्रश्न आला. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ४ डिसेंबर १९६३ रोजी, उपासनेत लोकभाषांना वाव दिला आणि त्याच दिवशी संपर्क माध्यमांवरचा आदेशही प्रसिद्ध केला. २००२ मध्ये चर्च आणि इंटरनेट या विषयावरील दस्तऐवजात स्पष्ट म्हटले गेले की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. २०२३ च्या नव्या दस्तऐवजाने येशूच्या दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला घेतला: ऑनलाइन रस्त्यावर जखमी होऊन पडलेला माणूस दिसला तर थांबायचे की ओलांडून जायचे? पडद्यातून एकत्र जेवता येत नाही, हेही त्याने सांगितले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मात्र एकमत नाही. टाळेबंदीत काहींनी घरोघर भाकर आणि द्राक्षरस ठेवून पाळकांच्या शब्दांबरोबर प्रभुभोजन घेतले. काहींनी पुन्हा एकत्र येईपर्यंत ते थांबवले.

रोजच्या कामात अडचणी वेगळ्याच येतात. गायनसंचाने शंभर वर्षांपूर्वीचे गीत गायले आणि व्हिडिओवर स्वामित्वहक्काचा दावा आला, हे नेहमी घडते. गीत जुने असले तरी त्याच चालीचे कुणाचे तरी ध्वनिमुद्रण नोंदलेले असते आणि यंत्र दोन्ही जुळवते. भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खऱ्या धार्मिक विधीतल्या गायनवादनाला मुभा देते, पण संकेतस्थळाचे यंत्र कलम वाचत नाही. हरकत माणसालाच नोंदवावी लागते.

त्याहून नाजूक विषय आहे साक्षीचा. आजारातून, व्यसनातून बाहेर आलेला माणूस मंडळीपुढे उभा राहून आपली गोष्ट सांगतो, तेव्हा ऐकणारे त्याला ओळखतात, पुढे सांभाळतात. तीच साक्ष तीस सेकंदांत कापून फिरली की ना माणूस उरतो ना संदर्भ. गुजरातमध्ये धर्म स्वातंत्र्य कायदा २००३ पासून आहे आणि २०२१ मध्ये तो अधिक कडक झाला. आमिषाने धर्मांतर करणे हा त्याखाली गुन्हा आहे. संदर्भ तुटलेल्या व्हिडिओचा अर्थ पाहणारा आपल्या मनाप्रमाणे लावतो, आणि त्रास होतो तो बहुधा साक्ष देणाऱ्या गरीब माणसाला. म्हणून साक्षीचे चित्रण त्या माणसाच्या संमतीवाचून न टाकणे आणि मुलांचे चेहरे न दाखवणे, एवढी शिस्त तरी प्रत्येक मंडळीने पाळायला हवी.

कॅथलिक धर्मग्रामांत अंथरुणाला खिळलेल्यांसाठी एक जुनी प्रथा टाळेबंदीनंतरही पहिल्यासारखीच चालते. मिस्सा झाल्यावर फादर किंवा नेमलेला सेवक पवित्र भाकर एका छोट्या धातूच्या डबीत घेऊन आजाऱ्याच्या घरी जातो. घरच्यांनी मेजावर पांढरे कापड पसरून मेणबत्ती लावलेली असते. सकाळची मिस्सा आजारी माणसाने मोबाइलवर पाहिलेली असते, कधी ती अजून चालूही असते. डबी उघडण्याआधी कुणीतरी तो मोबाइल बंद करते, आणि खोलीतली चार माणसे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात.